ताण आणि सूर

गोरेगांवच्या आमच्या घरीं मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. मिरजेंत राहिलेल्या कै. अब्दुल करीम खांसाहेबांच्या (निधन १९३७) तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत मागला तंबोरा क्षीण ऐकूं येतो. तरी गळा त्याच्याच आधारानें निर्भयपणें फिरतो.

मग ताण म्हणजे बंधन, असें कसें म्हणावें? सैल तार बोलत नाहीं, एवढें खरें मानून आम्ही मुलाचा रियाज कडक शिस्तींत चालविला. एके दिवशीं त्यानें तंबोरा खालीं ठेवला, तो पुन्हां उचलला नाहीं.

तंबोरा लावणारा असें करीत नाहीं. जोडाची पोलादी तार बारीक. ती मध्य षड्जापर्यंत चढते. खर्जाची पितळी तार जाड. तिला तेथवर ओढल्यास ती तुटते. खुंटी पिळून, मणी किंचित् सरकवून, सुताच्या धाग्यानें जवारी खुलली कीं तो हात काढून घेतो. मग खर्जांतून न छेडलेला गंधारहि आपोआप उमटतो.

सारांश, ताण किती द्यावा हें पिळणाराच्या इच्छेवर नसून तारेच्या जातीवर अवलंबून असतें. हें आम्हांस उशिरां कळलें. हल्लीं आम्ही तंबोरा लावून ठेवतों. गा, असें कोणास म्हणत नाहीं.