काढ्याचा मेसेज आणि भाऊंची गोळी

॥ श्री गुरवे नमः ॥



मागच्या सत्संगानंतर काही मंडळींनी विचारलं, "कोलेस्ट्रॉल वाढलं आहे. गोळी न घेता, खाण्यापिण्याने, नैसर्गिक पद्धतीने कमी होतं का? पत्रिकेत यावर लिहा ना." लिहितो. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

मी सौंसरचा. माझे मोठे भाऊ पांढुर्ण्याकडे शेती करतात. थोडा संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी, थोडी तूर. अंगाने सडपातळ, रोज शेतात पायी फिरणारे, व्यसन नाही. तरी दोन वर्षांपूर्वी तपासणीत त्यांचं वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, १८२ निघालं. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. तीन महिन्यांत आकडा ९८ वर आला. सगळे खूश.

त्याच पोळ्याच्या सुमारास माझ्या मोबाईलवर एक मेसेज आला. लसूण, आलं, लिंबू आणि सफरचंदाचं व्हिनेगर उकळा, मध घाला, २१ दिवस घ्या, नळ्या साफ, गोळ्या फेकून द्या. वाचून बरं वाटलं. घरातलेच जिन्नस, आपल्याच मातीतलं ज्ञान. मी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, खाली तीन नमस्कार जोडले आणि विसरून गेलो. सेवा केल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

संक्रांतीच्या आधी एका पहाटे वहिनीचा फोन आला. भाऊंच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, घामाने सदरा भिजला होता, डावा हात जड पडला होता. गाडी करून नागपूरला नेलं. एक नळी जवळजवळ बंद होती, स्टेंट टाकला. गुरुकृपेने आणि डॉक्टरांच्या हातगुणाने भाऊ वाचले.

तिसऱ्या दिवशी मी पलंगापाशी बसून विचारलं, "भाऊ, गोळी तं चालू होती ना?"

भाऊ छताकडे पाहत म्हणाले, "गोळी कुठची बाप्पा? चार महिने झाले सोडून. तुह्याच मेसेजवरून तं काढा सुरू केला होता."

त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. पण मला तिथे बसवलं नाही. बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

पुढे मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, गोळी चालू असती तर झटका आला नसता का? ते म्हणाले, "तसं खात्रीने सांगता येत नाही. गोळी घेणाऱ्यांनाही येतो. पण हातातली ढाल तुम्ही खाली ठेवली, एवढं खरं."

या उत्तराने मनाला एक पळवाट मिळाली. आला असताच, मग माझा काय दोष? ही पळवाट मी बरेच दिवस वापरली. शेवटी मीच मला विचारलं, समजा भाऊंना काहीच झालं नसतं, तर माझं कर्म चांगलं ठरलं असतं का? नाही. न तपासता दुसऱ्याच्या औषधात हात घालणं हे झटका येवो न येवो, चूकच होतं. फळ वाईट निघालं म्हणून कर्म वाईट झालं नाही, ते करतानाच बेफिकिरीचं होतं.

"आपला हेतू चांगला होता," असं आपण पटकन म्हणतो. फळाची आशा धरू नये हे आपण ऐकलेलं असतं, आणि त्याचा सोयीचा अर्थ लावतो, की फळाची काळजीच करू नये. पण आशा वेगळी, काळजी वेगळी. निष्काम असणारा शेतकरी बियाणं डोळे मिटून पेरत नाही. उलट नीट पारखून पेरतो, मग पावसावर सोडतो.

आपल्याकडच्यांना एक उदाहरण समजावून सांगायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा. गोटा फेकणाऱ्याचं कोणाशी वैर नसतं. परंपरा म्हणून, श्रद्धेने, गर्दीच्या जोशात तो फेकतो. पण गोट्याला श्रद्धा कळत नाही. तो ज्याला लागायचा त्याला लागतो, आणि फेकणाऱ्याला कळतही नाही की कुणाचं डोकं फुटलं. ग्रुपवरचा मेसेज असाच असतो. मी सौंसरला बसून फेकला, पांढुर्ण्यात माझ्याच भावाला लागला.

आता मूळ प्रश्नावर येऊ. *नैसर्गिक उपायाने कोलेस्ट्रॉल कमी होतं का?* होतं. पण किती होतं आणि कोणाचं होतं, हे समजून घ्यायला पाहिजे.

कोलेस्ट्रॉल हे काही विष नाही. शरीराच्या प्रत्येक पेशीला ते लागतं, आणि बहुतांश कोलेस्ट्रॉल आपलं यकृतच तयार करतं. ताटातून येतं ते त्या मानाने थोडं. म्हणून काहींचं खाणं साधं असूनही आकडा वाढतो, कारण यकृताची घडणच तशी, वडिलांकडून-आईकडून आलेली. असं का होतं याचा शोध लावणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५ साली नोबेल मिळालं. आमचे वडीलही ५२ व्या वर्षी छातीच्या दुखण्यानेच गेले. तेव्हा कोणी याला नाव दिलं नव्हतं. भाऊंच्या बाबतीत हे आम्ही लक्षातच घेतलं नाही.

आहार नीट केला तर बऱ्याच लोकांचं एलडीएल शेकडा दहा-पंधरा टक्के उतरतं, काटेकोर राहणाऱ्या काहींचं त्याहून जास्त. गोळीने तीस ते पन्नास टक्के उतरतं. आकडा थोडाच वाढलेला असेल, बाकी धोका नसेल, तर डॉक्टर स्वतःच म्हणतात की आधी तीन महिने खाणं-चालणं सुधारून पाहू. पण ज्याला एकदा झटका येऊन गेला, ज्याला साखरेचा आजार आहे, ज्याच्या घराण्यात हे दुखणं आहे, त्याच्यासाठी आहार हा गोळीचा सोबती आहे, बदली नाही. आणि आकडा उतरला म्हणून गोळी सोडायची नसते. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

"पण गोळी म्हणजे केमिकल, ती नैसर्गिक कुठे?" असं मीही म्हणायचो. मग वाचनात आलं की या स्टॅटिन गोळ्यांचा उगम बुरशीत आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७१ पासून हजारो बुरश्या तपासल्या, आणि क्योटोच्या तांदळावर सापडलेल्या एका निळसर बुरशीतून १९७३ साली हे द्रव्य वेगळं काढलं. म्हणजे निसर्गातलंच, फक्त पारखून घेतलेलं. याच्या उलट, माझ्या मेसेजमधला काढा नैसर्गिक होता, पण पारखलेला नव्हता. फरक नैसर्गिक-कृत्रिम यात नव्हताच, तपासलं की नाही यात होता.

निसर्गोपचाराचा गांधीजींइतका आग्रह कोणी धरला असेल? १९०९ सालच्या 'हिंद स्वराज'मध्ये त्यांनी डॉक्टरांवर कडक टीका केली. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचं दुखणं उठलं, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पूर्ण झाली. म्हणून त्यांनी निसर्गोपचार सोडला का? नाही. १९४६ साली उरुळी कांचनला त्यांनीच निसर्गोपचार आश्रम सुरू केला. माझ्या समजुतीप्रमाणे यातून घ्यायचं ते एवढंच, की जिथे पथ्य पुरतं तिथे पथ्य, जिथे पुरत नाही तिथे हट्ट नको. श्रद्धा आणि हट्ट दिसायला सारखे असतात. श्रद्धा तपासणीला घाबरत नाही, हट्ट घाबरतो.

मग आमच्या घरी आता काय चालतं, तेही सांगतो. यात नवल काहीच नाही.

▪️ रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर. तूर, हरभरा, बरबटी, हंगामात पोपटाच्या शेंगा, मेथी, अंबाडी. यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्ट्रॉल वापरतं.
▪️ जवसाची चटणी. भाजून, कुटून. अख्खा जवस तसाच निघून जातो, अंगी लागत नाही.
▪️ संत्रं रस काढून नाही, फोडीसकट, पांढऱ्या धाग्यांसकट. बगीचा आपला आणि मुलं बाटलीतला रस पितात, हे बरं नाही.
▪️ तेल मोजून. माणशी महिन्याला अर्धा लिटर. "कोलेस्ट्रॉल नाही" असं पिशवीवर लिहिलेलं पाहून भुलू नका, कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. तेल जास्त तर जास्तच.
▪️ वनस्पती तूप बंद. एकदा तळलेल्या तेलात परत परत तळणं बंद.
▪️ रोज अर्धा तास चालणं. तंबाखू-बिडी घरात नाही.

उपासाचंही सांगतो. एकादशी दुप्पट खाशी, हे आपण हसत म्हणतो, पण साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, बटाट्याचे चिप्स हा कसला संयम? गांधीजींनी दूध सोडलं होतं, आणि आजारपणात शेळीचं दूध घेतलं, कारण व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती. पुढे त्यांनी आत्मकथेत स्वतःच कबूल केलं की व्रताचं अक्षर राहिलं, आत्मा गेला. आपल्या उपासाला हेच लावून पाहावं.

आणि पथ्य एकट्याचं नसतं. भाऊ घरी आले तेव्हा वहिनी त्यांना वेगळी भाजी करायची, आणि सगळ्यांची तर्री वेगळी. आठ दिवसांत ती थकली आणि भाऊ रुसले. मग पुतण्या म्हणाला, "आई, वेगळं करूच नको. सगळे तेच खाऊ." तेव्हा कुठे पथ्य टिकलं. घरात एक माणूस आजारी असला की त्याचं ओझं रांधणाऱ्या बाईवर पडतं, हे आपण विसरतो. पंगतीत हात आडवा करणाऱ्याच्या पानात आग्रहाने रोडग्यावर तूप ओतणं हेही प्रेम नव्हे. त्याचा "नको" मानणं हे प्रेम. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंच आहे, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. तो मधला मार्ग एकट्याने चालायचा नाही, घराने चालायचा.

भाऊ आता बरे आहेत. गोळी घेतात, भाकर खातात, शनिवारी जामसावळीला मारुतीरायाच्या दर्शनाला जातात. निघण्याआधी वहिनी विचारते, "गोळी घेतली का?" आणि मगच नारळाची पिशवी हातात देते. मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

मी ग्रुपवर माफी मागितली. काढ्याचा मेसेज चुकीचा होता, असं स्पष्ट लिहिलं. तीन जणांनी खाजगीत कळवलं की त्यांनीही गोळी कमी केली होती. हे तिघं मला माहीतच नव्हते. माफी मागितली नसती तर कळलंही नसतं.

तेव्हा हात जोडून विनंती. औषधाबद्दल काही पुढे पाठवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हे मी कोणाकडून तपासलं का? हे वाचून कोणी चालू औषध सोडेल का? सोडलं आणि बिघडलं, तर मी त्याच्या पलंगापाशी बसू शकेन का? तिसऱ्याचं उत्तर नाही आलं, तर बोट मागे घ्या. आणि आधीच पाठवून झालं असेल, तर आज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी त्या ग्रुपवर दुरुस्ती टाका. लाज वाटेल. मलाही वाटली होती.

सर्वांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही गुरुचरणी प्रार्थना 🙏