कुलूप कुणासाठी?

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातला बेडफर्ड स्क्वेअर १७७५ ते १७८३ दरम्यान बांधला गेला. चारही बाजूंना भिंतीला भिंत लागलेली विटांची घरं. प्रत्येक रांगेच्या मधोमध एक पांढरं घर, त्यामुळे अख्खी रांग एकच राजवाडा वाटते. मध्ये बाग. फाटकाला कुलूप आणि किल्ली मोजक्यांकडे.

मला प्रश्न पडतो, हे सगळं जपलं ते कुणासाठी?

काहीजण म्हणतात, कुलूप होतं म्हणून तर बाग टिकली. मला हे पटत नाही. जवळच्याच मॉर्निंग्टन क्रेसंटची बागही रहिवाशांपुरती राखीव होती. १९२६ ते १९२८ मध्ये तिच्यावर सिगारेटचा कारखाना उभा राहिला. किल्ल्या खिशात राहिल्या, बाग गेली. पुढे १९३१ साली कायदा करून ४६१ स्क्वेअर्सना संरक्षण द्यावं लागलं. जमीन तुमची असेल, पण इथे इमारत बांधायची नाही, असं मालकांना बजावलं गेलं.

म्हणजे बाग राखली ती कायद्याने, आणि कायदा तर सगळ्यांच्या नावाने होतो. फाटक उघडा, असं मात्र तो म्हणाला नाही.

पाच-सात मिनिटं चाललं की रसेल स्क्वेअर लागतो. तिथे कुणीही बाकावर बसून डबा खाऊ शकतं. झाडं तिथलीही जुनीच आहेत, आणि माणसांच्या येण्याजाण्याने ती वाळलेली नाहीत.

जपणं आणि वाटून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली की दुसरी आपोआप होत नाही. ती मागावी लागते.