पुढच्या इयत्तेचे पुस्तक

आडसाली उसाला दीड वर्ष द्यावे लागते, हे आमच्या आष्ट्यात कुणाला शिकवावे लागत नाही. कोवळा तोडला तर साखरेचा उतारा घसरतो. पण हेच जाणणारा शेतकरी नववीतल्या मुलीला अकरावी-बारावीचे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या क्लासला घालतो आणि दर रविवारी तिची परीक्षा होते! सोळा वर्षांखालील मुलांना क्लासात घेऊ नये, अशा सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. पण सूचनेने बापाची धास्ती थोडीच जाते?

मुलांनी पुढचे वाचूच नये, असे मी म्हणत नाही. रामानुजनांच्या हाती कॉलेजचे गणित आले ते १९०३ साली, शाळकरी वयात. त्यावर पेपर नव्हता. एकेक सूत्र स्वतः पडताळून पाहायला सवड होती. (पुढे कॉलेजच्या परीक्षेत ते नापास झाले, ती गोष्ट वेगळी.) पेपर आला की मुलगी ‘असे का?’ विचारायचे सोडते आणि ‘हे परीक्षेला येणार का?’ एवढेच विचारते. हे मला जास्त भयंकर वाटते.

‘मागे पडली तर?’ बाप म्हणतो. त्याची भीती खोटी नाही. डॉक्टरकीचे दार एकाच ‘नीट’ने उघडते. पण दहावीनंतर दोन वर्षे त्याच अभ्यासाची असतात. तोवर पुस्तक तिच्या हाती राहू द्या.