कर्ता कोण?

1986 साली महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपविले, तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्याचे नाव आत्मनाशाच्या चर्चेत सतत येत राहिले आहे. परंतु ही चर्चा बहुधा कर्ज, कापूस आणि पाऊस यांच्याभोवतीच फिरते, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव अद्याप चढलेले नाही अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे मरण मात्र पंचनाम्यातील ‘दारूच्या अंमलाखाली’ एवढ्या शब्दांवर निकालात निघते. मग घरातील वडीलधारी ‘पोरानं पाप केलं’ म्हणतात आणि गाव गप्प बसते.

हे पाप खरोखर त्या पोराचे काय? धर्मशास्त्राने सुरापान महापातकांत गणले व आत्मघातही निंद्य मानला, म्हणून दोहोंची बेरीज करून मयताच्या नावे मांडण्याचा मोह होतो. पण पाप म्हटले की कर्ता आला, आणि कर्ता म्हटला की त्याची विवेकबुद्धी जागी असावयास हवी. मद्य नेमक्या त्या विवेकावरच प्रथम घाला घालते, उतरताना मनात खिन्नता ठेवून जाते. आणि आवर घालणारा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत पुरता पक्वही झालेला नसतो. त्यामुळे बापाचे रागावणे किंवा दहावीचा निकाल, ज्याची धार दोन दिवसांत बोथट झाली असती, तेच त्या घटकेस जगाचा अंत वाटू लागते. पुष्कळदा तर मुलगा आधीच खचलेला असतो, आणि नशा हा त्याने शोधलेला चुकीचा उतारा असतो.

आश्चर्य असे की ही गोष्ट आपल्या प्रवचनकारांपेक्षा 1860 च्या दंडसंहितेने अधिक स्पष्ट ओळखली. तिच्या 305 व्या कलमाने अठरा वर्षांखालील मूल, भ्रमिष्ट आणि नशेतील इसम यांना एकाच पंक्तीत बसविले आणि त्यांना आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्यास देहान्त शासनापर्यंत शिक्षा सांगितली. नव्या न्यायसंहितेतही ही तरतूद कायम आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत एवढी करुणा क्वचितच सापडते.

मग कर्ता शोधायचा कुठे? शाळेच्या वाटेवरील पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खर्ऱ्याची पुडी मुलाच्या हाती देताना वय कोणी विचारीत नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात त्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद आहे, हे त्या ठेलेवाल्यास ठाऊक असण्याचा संभव थोडाच. पोळ्याच्या दिवशी ‘घे रे, एक घोट’ म्हणणारा काका तर आपणांपैकीच. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा दारूने बाप गमावलेले. मुलीच्या बारशाला रिवाज मोडून त्यांनी पंगतीत दारूऐवजी गोड जेवण वाढले, आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. पापपुण्याचा हिशेब त्यांनी मेलेल्यांकडे मागितला नाही, जिवंतांकडे मागितला.

तेव्हा वाचकहो, फवारणीचे औषध आजच कुलपात ठेवा, आणि घरचे पोर पिऊन आले तर त्या रात्री त्याला शिव्या देऊन एकटे सोडू नका, त्याच्याजवळ बसा. सकाळी 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला, आणि धीर सुटत असेल तर सकाळचीही वाट पाहू नका. तो क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसा लागत नाही.