चौकात उभे असलेले

सामान्य काळातील २५ वा रविवार
(यशया ५५:६-९, फिलिप्पैकरांस १:२०-२४, २७, मत्तय २०:१-१६)



आजचे शुभवर्तमान २० सप्टेंबर २०२० च्या रविवारीही वाचले गेले होते. त्या दिवशी बाक रिकामे होते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे तेव्हा भाविकांसाठी बंद होती. ती १६ नोव्हेंबरला उघडली. आपल्यापैकी अनेकांनी ती मिस्सा घरी मोबाईलसमोर बसून ऐकली असेल.

दाखल्यातील मालक संध्याकाळी चौकात जातो. तेथे काही माणसे अजून उभी असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावरच घेतले नाही, असे ते सांगतात. २०२० साली हेच उत्तर सोलापुरातील हजारो घरांचे होते.

२५ मार्चला सारा देश बंद झाला. १२ एप्रिलला आपल्या शहरात पहिला रुग्ण आढळला. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग थांबले. विडी घरी बसून वळता येते हे खरे, पण पान आणि तंबाखू कारखान्यातून आणावी लागते आणि वळलेली विडी तेथेच द्यावी लागते. कारखान्याचे दार बंद झाले, तसा घरातल्या बाईचा हातही थांबला. थोडे सुरू होते न होते तोच १६ ते २६ जुलै शहर पुन्हा कडक बंद राहिले. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले, हा मोठा आधार होता. परंतु तेल, गॅस, औषध आणि घरभाडे रेशनवर मिळत नाही. कर्जाचे हप्ते ३१ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलता येत होते. व्याज मात्र थांबले नव्हते.

त्या दिवसांत प्रत्येकाजवळ एक मत होते. कोणी म्हणे, सर्व उघडा. कोणी म्हणे, आणखी महिनाभर बंद ठेवा. आज शांतपणे स्वतःला विचारू या : माझे ते मत कोठून आले होते?

मी माझ्यापासून सुरुवात करतो. मीही फोनवर सर्वांना सांगत होतो, घरीच राहा, जीव महत्त्वाचा आहे. एका माउलीने मला विचारले, "फादर, घरीच आहे मी. पण पान मिळाल्याशिवाय विडी वळू कशी? आणि विडी दिल्याशिवाय पीठ आणू कोठून?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माझा सल्ला चुकीचा नव्हता. पण माझ्या स्वयंपाकघरात त्या दिवशीही चूल पेटली होती, म्हणून तो देणे मला सोपे गेले. हे मी त्या क्षणापर्यंत मनात आणलेच नव्हते.

ज्यांचा पगार किंवा पेन्शन एक तारखेला बँकेत जमा होत होते, त्यांना "बंद" परवडत होते. त्यांची भीती खोटी होती असे नाही. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला भीती वाटणारच. त्या उन्हाळ्यात आपल्या शहराने अनेक माणसे गमावली. दुसरीकडे, कर्ज काढून दुकान घातलेल्या माणसाला "उघडा" म्हणावेसे वाटे. त्याचीही अडचण खरी होती. परंतु त्याच्या गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या पोराचे काय? घरी दम्याची आई, एकच खोली. कामावर जावे तर आजार घरात येईल, न जावे तर काम जाईल. मालकाला मत होते. पोराला मत असण्याचीही सोय नव्हती.

आपल्या खिशाचा आपल्या मतावर परिणाम होतो, हे पाप नव्हे. आपण माणसे आहोत. पाप तेथे सुरू होते, जेथे मी माझ्या सोयीला विवेकबुद्धी म्हणतो आणि दुसऱ्याच्या गरजेला बेशिस्त किंवा लोभ म्हणतो. "लोकांना शिस्तच नाही," असे आपण किती सहज बोललो! रस्त्यावर आलेल्या माणसाच्या घरात डबा रिकामा आहे का, हे मात्र विचारले नाही.

आता दाखल्याकडे पुन्हा पाहू या. पहाटे कामाला लागलेले मजूर कुरकुर करतात. आम्ही दिवसभर ऊन सोसले, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. पण त्यांचा दीनार पहाटेच ठरला होता. उन्हात राबताना त्यांना एवढे ठाऊक होते की आज घरी मुले जेवतील. चौकात उभ्या असलेल्यांनी वेगळे ऊन सोसले. प्रत्येक तासागणिक त्यांना वाटत होते, आता रिकाम्या हाताने घरी कसे जायचे? ती काळजी पहाटेच्या मजुरांच्या हिशेबात आलीच नाही. मालकाच्या हिशेबात मात्र ती होती. दीनार म्हणजे दिवसाची मजुरी, म्हणजेच एका घराचा एक दिवस. म्हणून त्याने शेवटच्यालाही तो पूर्ण दिला.

आणखी एक गोष्ट. या मालकाजवळ कारभारी आहे. संध्याकाळी मजुरी तोच वाटतो. तरी माणसे शोधायला मालक स्वतः बाहेर पडतो, आणि एकदा नव्हे, पाच वेळा. घरी बसून तो मत बनवत नाही. चौकात जातो, पाहतो, विचारतो आणि मग निर्णय घेतो. देवाचे विचार आपल्या विचारांहून किती उंच आहेत, हे यशया संदेष्टा आज आपल्याला सांगतो. ती उंची अशी चौकात उतरून येते.

संत पौलाचेही पाहा. तुरुंगात असताना त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. मरून ख्रिस्ताजवळ जाणे त्याला स्वतःला अधिक प्रिय आहे. तरीही तुमच्यासाठी काय आवश्यक आहे, यावरून तो आपले मन ठरवतो. स्वतःची ओढ तो लपवत नाही. पण शेवटचा शब्द तिला देत नाही.

२७ मार्च २०२० रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधील रिकाम्या चौकात पावसात उभे राहून प्रार्थना केली आणि आपण सर्व एकाच होडीत आहोत याची आठवण दिली. होडी एकच होती. पण कोणी वल्ह्यावर होते, कोणी गादीवर. म्हणून न्याय हाच की ज्याने "बंद" मागितले, त्याने बंदचा खर्चही वाटून घ्यावा. आणि ज्याने "उघडा" म्हटले, त्याने धोकाही वाटून घ्यावा.

या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा पगार चालू असताना धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार मी दिला होता का? माझ्याकडे काम करणाऱ्याला भीती वाटत असताना, ती बोलून दाखवण्याची मुभा मी दिली होती का? त्या वर्षीचे देणे अजून फेडणारे किंवा मुलाची शाळा सुटलेले घर माझ्या शेजारी आहे का? असेल, तर अजून उशीर झालेला नाही. मालक संध्याकाळी पाच वाजताही चौकात गेला होता.

असा प्रसंग पुन्हा कधी येईल, हे आपल्या हाती नाही. मत देण्यापूर्वी चौकात जाऊन येणे आपल्या हाती आहे.

हे प्रभू येशू, आमचा दीनार पहाटेच ठरलेला असतो, तेव्हा संध्याकाळपर्यंत उभ्या असलेल्या भावाबहिणींची आठवण आम्हाला दे. आमेन.