पुरे म्हणणारा

मुष्टियोद्धा मुहम्मद अली 61 लढती लढला. 56 जिंकला, 5 हरला. फ्रेझर, नॉर्टन, स्पिंक्स या तिघांनी त्याला हरवले, आणि त्याने पुढे तिघांनाही हरवले. ही जिद्द जगाने वाखाणली.

1980 साली, अडतिसाव्या वर्षी, तो लॅरी होम्सपुढे उभा राहिला. होम्स पूर्वी त्याच्याच सरावातला जोडीदार. अली मार खात राहिला, थांबेना. दहाव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनीच लढत थांबवली. जिंकलेला होम्स रडला. तरी अली 1981 साली पुन्हा लढला आणि बर्बिककडून हरला.

ज्या जिद्दीने उठवले, तिनेच बसू दिले नाही. विवेकाच्या हाती आहे तोवरच जिद्द हा गुण. 'ऊठ' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'पुरे' म्हणणारा एखादाच. त्याला वैरी समजू नका.