कापलेले नाव

गेल्या ईदला बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाला, गप्पा झाल्या. पण आतल्या खोलीत भाचा आणि त्याचे तीन मित्र एका जाडजूड पुस्तकाभोवती बसून हुज्जत घालीत होते. आम्हाला वाटले, परीक्षेचे पुस्तक असेल. निघाले भलतेच. 'लेजंड ऑफ झेल्डा' या जपानी व्हिडिओ गेमच्या चित्रांचे ते पुस्तक, 'हायरूल हिस्टोरिया'. चौघांनी ईदी एकत्र करून मागवलेले. पात्रांची कच्ची रेखाटने, नकाशे, चित्रकारांच्या टिपा. चित्रकलेचा आम्हाला गंध नाही. तरी पाने उलटताना हात आपोआप हलका झाला.

एक मुलगा म्हणत होता, सगळे पुस्तक स्कॅन करून दोस्तांना पाठवू. दुसरा म्हणत होता, ही चोरी आहे. भाच्याने आमच्याकडे पाहिले. "मामू, तुम्ही मास्तर. सांगा, हे जायज की नाजायज?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

पुस्तकाची हकिगत मुलांनीच सांगितली. डिसेंबर 2011 मध्ये ते जपानमध्ये निघाले, फक्त जपानी भाषेत. खेळाचे चाहते जगभर पसरलेले. बहुतेकांना ती भाषा येईना. काहींनी पुस्तक मागवले, पाने स्कॅन केली, जाणकारांनी इंग्रजी भाषांतर करून ती वाटली. पुढे जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेतील डार्क हॉर्स या प्रकाशनाने अधिकृत इंग्रजी आवृत्ती काढली. फुकटची पाने फिरत असताना ती कोण घेणार? पण ॲमेझॉनच्या विक्रीच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. "बघा मामू, कुणाचे नुकसान झाले?" पहिला मुलगा म्हणाला.

दुसऱ्याकडेही दाखला होता. याच मालिकेतला 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा खेळ 12 मे 2023 रोजी यायचा होता. त्यासोबतच्या चित्रपुस्तकाची पाने फेब्रुवारीतच फुटली. ती पसरवणाऱ्याचे नाव मिळावे म्हणून निन्टेन्डो कंपनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेली. वर्षानुवर्षे खपून गोष्ट रचणाऱ्याने ती कधी सांगायची, हा त्याचा हक नाही का? प्रश्नपत्रिका फुटली तर आपण 'ज्ञान सर्वांचे' म्हणून सोडून देतो का?

दोघांचेही म्हणणे वजनदार होते. पण पहिल्याच्या युक्तिवादात एक पोकळ जागा आहे. न विचारता नेलेल्या सायकलीने मालकाचा फायदा झाला, तरी ती विचारून नेली असे होत नाही. आणि दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण मानले, तर पुष्कळसे ज्ञान मातीत जाईल. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने 2023 मध्ये पाहणी केली. 2010 पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. जे विकतच मिळत नाही, ते कुणीतरी जपून ठेवले नाही तर उरणार कसे? आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना हे दुःख नवे नाही. जुनी, दुर्मीळ पुस्तके 'रेख्ता'ने स्कॅन करून ठेवली, म्हणून आमच्यासारख्यांना घरबसल्या वाचायला मिळाली.

आपल्या परंपरेनेही नक्कल कधी वाईट मानली नाही. छापखाने नव्हते तेव्हा बगदादचे वर्राक हाताने किताबी उतरवीत. पण त्याच परंपरेत इजाजत होती. शागिर्द उस्तादासमोर किताब वाचून दाखवी, उस्ताद ती पुढे शिकवण्याची परवानगी देई, आणि ती विद्या कुणाकडून कुणाकडे आली त्यांची नावे सनदीत येत. नक्कल सर्वांना खुली. नाव मात्र गाळायचे नाही.

आता आमचे मौन.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका वृद्ध शायराने मुलांसाठी नज्मांचे छोटे पुस्तक पदरचे पैसे घालून काढले होते. किंमत तीस रुपये. आम्ही एक प्रत घेतली आणि वर्गासाठी चाळीस झेरॉक्स काढल्या. पान मोठे, कागद लहान. वरची ओळ कापली गेली. त्या ओळीत शायराचे नाव होते. मुलांनी नज्मा पाठ केल्या, स्नेहसंमेलनात म्हटल्या. ते समोर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर एका मुलाच्या हातातला कागद त्यांनी पाहिला, उलटूनही पाहिला. आम्हाला एवढेच म्हणाले, "सर, मुलांनी पाठ केलं, दिल खुश झाला. फक्त हे कुणाचं आहे, ते त्यांना ठाऊक नाही." नंतर कळले, त्यांच्या खाटेखाली न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे होते.

कायद्याने आम्ही सुटतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षकाला शिकवण्यापुरती नक्कल करण्याची मुभा आहे. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या खटल्यात तिचा उदार अर्थ लावला. गरीब विद्यार्थ्यांसाठी ते योग्यच झाले. पण त्या म्हाताऱ्या माणसासमोर आम्हाला कोणतेही कलम आठवले नाही. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आम्ही पंचवीस प्रती घेतल्या. त्यांनी पैसे घेतले, मोजले नाहीत. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक, बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत हे आम्ही मुलांना शिकवतो. त्या दिवशी शिकलो.

हे ऐकून पहिला मुलगा म्हणाला, "पण मामू, तुमचे शायर गरीब. ही कंपनी तर अब्जावधींची." खरे आहे. नुकसान तेवढे नाही. पण रेखाटन कंपनीच्या तिजोरीने काढलेले नसते. ते कुणाच्या तरी बोटांनी काढलेले असते.

फतवा देणारे आम्ही कोण? आम्ही एवढेच म्हटले, की पुस्तक मिळतच नसेल, भाषा आडवी येत असेल, तर कर्त्याचे नाव ठेवून केलेली नक्कल समजू शकते. दुकानात मिळत असताना सगळे वाटून टाकणे, किंवा कर्त्याच्या आधी त्याची गोष्ट फोडणे, याचे समर्थन होत नाही. ठरत नसेल, तर ती नक्कल हातात धरून कर्त्यासमोर उभे राहता येईल का, हे स्वतःला विचारावे.

मुले गप्प झाली. मग भाचा म्हणाला, दोस्तांनाच रविवारी घरी बोलावू, इथेच बसून बघतील. पुस्तक मिटण्याआधी त्याने शेवटची पाने उघडली आणि चित्रकारांची नावे शोधू लागला.